बुरशीजन्य न्यूमोनियाच्या जलद चाचण्या पारखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
बुरशीजन्य न्यूमोनियाच्या जलद रेण्वीय चाचण्यांचे मूल्यमापन करणारे संशोधक, त्यांचे निबंध तपासणारे संपादक व परीक्षक, आणि त्यांवरून मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करताना आपले निबंध वाचणाऱ्या आणि त्यांच्या भरवशावर कुणाच्या तरी अहवालावर ‘आढळले’ किंवा ‘आढळले नाही’ असे लिहून सही करणाऱ्या एका व्यक्तीचे हे पत्र आहे. पीसीआरविरुद्ध, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती करून तो ओळखणाऱ्या तंत्राविरुद्ध, माझी काहीही तक्रार नाही. ही सोय नव्हती तेव्हाची हतबलता मला चांगली ठाऊक आहे. तक्रार आहे ती या चाचण्या पारखण्याच्या रूढ पद्धतीविषयी. बहुतेक मूल्यमापने नमुन्यात असलेला बुरशीचा डीएनए चाचणीला सापडतो का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. वॉर्डातून फोन येतो तेव्हा विचारला जाणारा प्रश्न निराळा असतो: हा डीएनए सापडला म्हणून या रुग्णाच्या न्यूमोनियाला बुरशीच कारणीभूत आहे असे धरायचे का, आणि सापडला नाही तर चालू असलेले औषध थांबवायचे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही नेमके मिळाले तरी त्यातून दुसऱ्याचे आपोआप मिळत नाही, आणि आपल्या निष्कर्षांत ते मिळाल्यासारखे अनेकदा लिहिलेले असते.

या चाचण्यांची गरज का आहे हे आपल्याला सांगण्याची आवश्यकता नाही. तरी मुद्दा पुढे नेण्यासाठी थोडक्यात मांडतो. न्यूमोसिस्टिस जिरोवेसी ही बुरशी नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाही. म्हणून दशकानुदशके सारी भिस्त सिल्व्हर स्टेन, टोलुइडिन ब्लू किंवा इम्युनोफ्लुरोसन्स करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर राहिली. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या फुफ्फुसात या बुरशीचा भार मोठा असल्याने तिथे ही पद्धत बऱ्यापैकी चालते. परंतु केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपण किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात भार कमी, दाह जास्त आणि आजाराची घसरण वेगाची असते. तिथे काचपट्टी रिकामी दिसते आणि रुग्ण मात्र व्हेंटिलेटरकडे सरकत असतो. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे कल्चर वाढते, पण निम्म्याहून अधिक वेळा वाढतच नाही. म्युकोरेल्स या तिसऱ्या बुरशीगटाच्या बाबतीत तर गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या रक्तातल्या दोन्ही खुणा गप्प राहतात, आणि ॲस्परजिलसवर पहिली पसंती असलेले व्होरिकोनाझोल हे औषध म्युकोरेल्सवर लागू पडत नाही. त्यामुळे कोणती बुरशी आहे हे लवकर कळणे म्हणजे योग्य औषध मिळणे, इतका हा सरळ संबंध आहे. चाचणी चांगली असेल तर तिचा उपयोग प्रचंड आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी तिची पारख ढिली असून चालत नाही.

सगळ्यात अवघड गाठ आहे ती संदर्भ निकषाची, म्हणजे आजार खरोखर आहे की नाही हे ठरवण्याच्या कसोटीची. फुफ्फुसाच्या ऊतीत शिरलेले बुरशीचे तंतू डोळ्यांनी पाहणे हा खरा पुरावा. पण ज्या रुग्णाच्या प्लेटलेट रसातळाला गेल्या आहेत आणि ज्याचा ऑक्सिजन टिकवताना दमछाक होते आहे, त्याची बायोप्सी करायला कुणी धजावत नाही. म्हणून ‘सिद्ध’, ‘बहुधा’ आणि ‘शक्य’ अशा तीन पायऱ्यांच्या व्याख्या युरोप आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांनी मिळून केल्या. त्या २००२ मध्ये आल्या, २००८ मध्ये सुधारल्या गेल्या, आणि या दोन्ही वेळी पुरेसे प्रमाणीकरण नाही म्हणून पीसीआर बाहेर ठेवला गेला. युरोपीय ॲस्परजिलस पीसीआर गटाने २००६ पासून केलेल्या चिकाटीच्या कामामुळे अखेर २०२० च्या व्याख्येत ॲस्परजिलसच्या पीसीआरला जागा मिळाली. तीही एका एकट्या निकालाला नव्हे, तर रक्ताचे लागोपाठ दोन नमुने पॉझिटिव्ह, किंवा बीएएल (फुफ्फुसात सलाईन सोडून परत घेतलेले द्रव) दुहेरी तपासणीत पॉझिटिव्ह, किंवा रक्त आणि बीएएल दोन्हींत एकेकदा पॉझिटिव्ह, अशा अटींवर. ही प्रगतीच आहे, यात वाद नाही. परंतु या व्याख्येनुसार ‘बहुधा’ ठरलेल्या रुग्णांवर जेव्हा एखादी नवी पीसीआर चाचणी पारखली जाते, आणि त्यांतले काही रुग्ण मुळात पीसीआरमुळेच त्या गटात आलेले असतात, तेव्हा परीक्षार्थ्यानेच आपली उत्तरपत्रिका तपासावी तसे होते. निबंधात व्याख्येचे साल दिलेले असते. पण वर्गवारी करताना पीसीआरचा निकष वगळला होता की नाही हे मात्र शोधूनही सापडत नाही.

याच्या उलट टोकाची एक सवय आहे, आणि मला ती अधिक खटकते. ‘शक्य’ या मधल्या गटातल्या रुग्णांना हिशेबातून सरळ वगळले जाते. मग ‘सिद्ध’ व ‘बहुधा’ एका बाजूला आणि ‘आजार नाही’ दुसऱ्या बाजूला, अशी स्वच्छ फाळणी होऊन संवेदनशीलता (आजारी असलेल्यांना पकडण्याचे प्रमाण) व विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह ठरवण्याचे प्रमाण) दोन्ही देखण्या येतात. प्रत्यक्षात चाचणी मागवली जाते ती बहुतांशी या वगळलेल्या लोकांसाठीच. ज्याचा आजार उघड दिसतो त्याला औषध आधीच सुरू झालेले असते, आणि ज्याला तो नसल्याची खात्री आहे त्याचा नमुना आमच्याकडे येतच नाही.

नियंत्रण गटाची निवड हा याच दुखण्याचा दुसरा भाग. निरोगी स्वयंसेवकांचे रक्त किंवा दम्यासाठी तपासलेल्या रुग्णांचे बीएएल हे ‘आजार नसलेले’ म्हणून घेतले, तर विशिष्टता ९९ टक्के यायला काहीच हरकत नसते. खऱ्या संशयित रुग्णांत चित्र कसे असते हे अनेक अभ्यास एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन संकलनाने फार पूर्वी दाखवले आहे: रक्तातल्या ॲस्परजिलस पीसीआरच्या एका पॉझिटिव्ह निकालाची संवेदनशीलता आणि विशिष्टता, दोन्ही सुमारे ८० टक्के. या आकड्यांचा अर्थ वॉर्डात काय होतो ते मांडून पाहावे. १,००० संशयित रुग्णांत १०० जणांना खरोखर आजार आहे असे धरले, तर ८० जण बरोबर सापडतील आणि आजार नसलेल्या ९०० पैकी १८० जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या २६० मध्ये आजारी असलेले जेमतेम ३१ टक्के. लागोपाठ दोन पॉझिटिव्ह हवेत असा नियम केला, तर विशिष्टता ९५ टक्क्यांवर जाते पण संवेदनशीलता ६० वर येते: ६० खरे, ४५ खोटे. आता निगेटिव्हकडे पाहा. एकच चाचणी निगेटिव्ह आलेल्या ७४० जणांत खरे आजारी फक्त २०, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. ही चाचणी आजार पक्का करण्यापेक्षा तो नाही असे म्हणायला अधिक कामाची आहे, हे या साध्या गणितातून निघते. पण निबंधाच्या सारांशात मात्र ‘निदानासाठी उपयुक्त’ असा एकच मोघम शेरा असतो. आजाराचे प्रमाण १० ऐवजी २ टक्के असलेल्या वॉर्डात पॉझिटिव्ह निकालाची किंमत ८ टक्क्यांच्याही खाली जाते, आणि तीच चाचणी, त्याच यंत्रावर, तिथे वेगळ्याच लायकीची ठरते. म्हणून भाकितमूल्ये, म्हणजे निकालावरून आजार असण्या-नसण्याची शक्यता, द्यायचीच असतील तर ती कोणत्या प्रमाणावर काढली हे त्याच ओळीत लिहावे.

निगेटिव्ह निकालाची ही खात्रीही सगळ्यांना सारखी मिळत नाही. बुरशीप्रतिबंधक औषध आधीपासून चालू असलेल्या रुग्णात रक्तातला डीएनए आणि गॅलॅक्टोमॅनन दोन्ही दबतात. अशा रुग्णांना वेगळे न काढता केलेली सरासरी कुणाच्याच उपयोगाची नसते.

न्यूमोसिस्टिसच्या बाबतीत अडचण आणखी सूक्ष्म आहे. बीएएलवरील पीसीआरची संवेदनशीलता उत्तम आहे, त्यामुळे निगेटिव्ह निकालावर मी निर्धास्त सही करतो. पण ही बुरशी अनेकांच्या श्वसनमार्गात आजार न करता नुसती वस्तीला असते. जुनाट फुफ्फुसविकार असलेल्यांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत अधिकच. पीसीआरला वस्ती आणि आक्रमण यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त डीएनए कळतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी येणारा नमुना कसा असतो ते सांगतो. संधिवातासाठी कित्येक महिने प्रेडनिसोलोन घेणारा रुग्ण, सीटी स्कॅनवर दोन्ही फुफ्फुसांत धुरकट पट्टे, ताप, कोरडा खोकला. ब्रॉन्कोस्कोपीत १०० मिलिलिटर सलाईन आत सोडले, त्यातले ३० परत आले. त्या तीसचे वाटे पडतात: पेशीतपासणीला काही, क्षयरोगासाठी काही, जिवाणू कल्चरला काही, आणि तळाशी फेसाळ, किंचित लालसर असे जे एक-दोन मिलिलिटर उरते ते पीसीआरला. यंत्रावर वक्र उशिरा उठतो, सीटी मूल्य (पीसीआरच्या कितव्या फेरीत डीएनए दिसला तो आकडा; जितका मोठा तितका डीएनए कमी) ३६. काचपट्टीवर काही नाही. आता हा ३६ म्हणजे कमी भाराचा खरा आजार, की वस्ती, की परतलेले द्रव कमी आणि पातळ असल्याने घसरलेला आकडा? संचाच्या पत्रकात ‘४० च्या आत पॉझिटिव्ह’ एवढेच छापलेले असते. को-ट्रायमॉक्साझोलचा पूर्ण मात्रेतला २१ दिवसांचा उपचार म्हणजे रक्तपेशी, मूत्रपिंड आणि पोटॅशियम यांवर रोज लक्ष ठेवणे आले. आणि तो न देणे म्हणजे काय, हेही सर्वांना माहीत आहे. त्या वेळी मला आपल्या निबंधातून हवी असते ती एकच गोष्ट: एचआयव्ही नसलेल्या, स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांत या पट्ट्यातल्या निकालांचे पुढे काय झाले? ती बहुधा सापडत नाही, कारण एचआयव्हीबाधित आणि इतर अशा दोघांना एकाच तक्त्यात मिसळलेले असते.

सीटी मूल्याविषयी आणखी थोडे. मायटोकॉन्ड्रियातला रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाचा जनुक किंवा पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा जनुकसमूह यांच्या प्रती एकेका बुरशीपेशीत पुष्कळ असतात. काही चाचण्या मात्र एकाच प्रतीच्या जनुकावर बेतलेल्या असतात. तेव्हा एका संचावरचे ३३ आणि दुसऱ्यावरचे ३६ यांची तुलना करण्यात अर्थ नाही. तरीही एका केंद्रात, त्याच रुग्णांवरून, आकडे पाहून झाल्यावर निवडलेला उंबरठा ‘आजार व वस्ती यांतील सीमा’ म्हणून छापला जातो आणि पुढच्या वर्षी दुसरीच यंत्रे वापरणाऱ्या प्रयोगशाळा तो उचलतात. सायटोमेगॅलोव्हायरससाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक ठरवून दिल्यावर निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एका मापात मांडण्याची सोय झाली. बुरशीच्या बाबतीत तशी शिस्त रोजच्या कामात येईपर्यंत, निदान उंबरठा आधी जाहीर करून मग तो नव्या रुग्णांवर तपासावा, आणि मधला पट्टा लपवण्याऐवजी ‘अनिश्चित’ म्हणून वेगळा दाखवावा. अनिश्चित निकाल किती आले आणि ते हिशेबात कुठे टाकले हे न सांगणारा निबंध, माझ्या मते, परत पाठवण्याजोगा आहे.

नमुन्यातून डीएनए काढण्याच्या टप्प्याकडे अजूनही पुरेसे लक्ष दिले जात नाही. बुरशीची पेशीभित्ती चिवट असते आणि मणी घालून घुसळल्याशिवाय ती नीट फुटत नाही. रक्त गोठताना काही डीएनए गुठळीत अडकतो, म्हणून गुठळी झाल्यावर उरणाऱ्या सीरमपेक्षा न गोठू दिलेल्या रक्ताचा प्लाझ्मा बरा पडतो. आणि ॲस्परजिलसचे बीजाणू तर हवेतच तरंगत असल्याने रक्तसंकलनाच्या नळ्यांत आणि पेशीभित्ती विरघळवणाऱ्या विकरांतसुद्धा त्याचा डीएनए सापडलेला आहे. बंद कार्ट्रिजमध्ये सगळे आपोआप होते म्हणून हे प्रश्न मिटत नाहीत. ते फक्त नजरेआड होतात. प्रत्येक रनमध्ये रिकामे नमुने किती होते आणि त्यांतले किती पॉझिटिव्ह आले, हा एक आकडा छापायला फारशी जागा लागत नाही.

‘जलद’ या विशेषणाचा हिशेबही एकदा नीट व्हावा. यंत्रात कार्ट्रिज घातल्यापासून निकाल पडद्यावर येईपर्यंतचा वेळ हा कंपनीच्या माहितीपत्रकासाठी ठीक आहे. रुग्णाच्या दृष्टीने घड्याळ सुरू होते ते संशय आल्याक्षणी. ब्रॉन्कोस्कोपीची वेळ मिळणे, नमुना पोहोचणे, दिवसातून एकदाच चालणाऱ्या रनची वाट पाहणे, अहवाल कुणीतरी उघडून वाचणे आणि औषध बदलणे, हे सगळे त्यात येते. यंत्रातला एक तास वाचवून ब्रॉन्कोस्कोपीच्या रांगेतले दोन दिवस तसेच राहिले, तर त्या चाचणीला जलद म्हणणे धाडसाचे आहे. उलट, उत्तेजित थुंकी (खारट वाफ देऊन काढलेली), नाक-घशातला स्राव किंवा चूळ भरून घेतलेला नमुना यांवर चाचणी कितपत विश्वासार्ह आहे हे तपासले, तर संवेदनशीलता थोडी घटली तरी खरा वेळ वाचेल. ज्याला ब्रॉन्कोस्कोपी सोसणार नाही अशा रुग्णासाठी आणि लहान मुलांसाठी तर हाच मार्ग उरतो. आपल्या अभ्यासांत या नमुन्यांना अजून उपरेपण आहे.

अचूकता आणि उपयोग या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा धडा क्षयरोगाने दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये एक्सपर्ट या क्षयरोगाच्या जलद पीसीआर चाचणीची शिफारस केली. पुढे दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे, झांबिया आणि टांझानिया येथील प्राथमिक दवाखान्यांत झालेल्या चाचपणीत, ज्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, असे दिसले की त्याच दिवशी उपचार सुरू होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, पण आजाराची तीव्रता मात्र घटली नाही. कारण चाचणी निगेटिव्ह असली तरी डॉक्टर लक्षणांवरून औषध देतच होते. बुरशीच्या बाबतीत याची दुसरी, आशादायक बाजू दाखवणारा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तीव्र ल्युकेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागले गेले; एका गटात कल्चर आणि ऊतीपरीक्षण, दुसऱ्यात गॅलॅक्टोमॅनन आणि ॲस्परजिलस पीसीआर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार अंदाजाने बुरशीरोधक औषध द्यावे लागलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३२ टक्के आणि दुसऱ्यात १५ टक्के होते. संवेदनशीलतेच्या दशांशांवर वाद घालण्यापेक्षा अशा एका प्रयोगाने आम्हाला जास्त शिकवले. असे प्रयोग खर्चिक आणि वेळखाऊ असतात हे मान्य; परंतु प्रत्येक अचूकता-अभ्यासात ‘निकाल कळल्यावर उपचार बदलला का, किती तासांनी, कोणत्या दिशेने’ एवढी नोंद ठेवायला कुठे वेगळे अनुदान लागते?

जाता जाता मल्टिप्लेक्स पॅनेलविषयी. एकाच कार्ट्रिजमध्ये जिवाणू, विषाणू आणि सोबत बुरशी अशी मोट बांधणे सोयीचे असते, पण त्यात कँडिडा ही बुरशी घालण्याचे वैद्यकीय कारण मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही. कँडिडामुळे होणारा न्यूमोनिया दुर्मीळ आहे; व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेतून कँडिडा निघणे मात्र नित्याचे आहे. ‘आढळले’ असा छापील शेरा दिसला की अतिदक्षता विभागात औषध सुरू होते. अशा पॅनेलच्या मूल्यमापनात कँडिडाचा निकाल ‘खरा पॉझिटिव्ह’ म्हणून मोजला जातो, कारण कल्चरमध्येही तीच वाढलेली असते. दोन्ही पद्धती एकाच निरर्थक गोष्टीवर सहमत होतात आणि तक्त्यात ती सहमती गुणवत्ता म्हणून दाखवली जाते. याउलट ॲस्परजिलस फ्युमिगेटसमधले टीआर३४/एल९८एच आणि टीआर४६/वाय१२१एफ/टी२८९ए हे अ‍ॅझोल-प्रतिरोधाचे (व्होरिकोनाझोलसारखी औषधे लागू न पडण्याचे) बदल थेट नमुन्यातून ओळखणाऱ्या चाचण्यांना माझा पाठिंबा आहे, कारण तिथे निकालाने औषध बदलते. फक्त एवढे लक्षात ठेवावे की ज्या जनुकात हे बदल होतात त्याची पेशीत एकच प्रत असते. बुरशी ओळखणारा भाग पॉझिटिव्ह येऊन प्रतिरोधाचा भाग मुका राहणे हे वारंवार घडते, आणि ते ‘प्रतिरोध नाही’ असे मोजले जाऊ नये.

आपल्याकडे ठोस मागणे इतकेच आहे. रुग्ण लागोपाठ घ्यावेत, संशयावरून घ्यावेत, आणि ‘शक्य’ गटासह सगळे हिशेबात ठेवावेत. संदर्भ निकषातून पारखली जाणारी चाचणी वगळावी. अंतिम निदान तिचा निकाल ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी, रुग्णाची पुढची वाटचाल पाहून ठरवावे. कोणताच निकष निर्दोष नाही हे गृहीत धरणाऱ्या अव्यक्त वर्ग विश्लेषणासारख्या संख्याशास्त्रीय पद्धती उपलब्ध आहेत, त्या वापराव्यात. चाचणी व निकष यांचे न जुळणारे तेवढेच निकाल पुन्हा तपासून चाचणीच्या पदरात गुण टाकण्याची प्रथा बंद करावी. अचूकता-अभ्यास कसे लिहावेत याची ‘स्टार्ड’ सूची २०१५ मध्ये सुधारून आलेली आहे, आणि पीसीआरचे तपशील कसे द्यावेत याचे ‘एमआयक्यूई’ निकष २००९ पासून आहेत. संपादकांनी त्या केवळ खूण करून जोडण्याचे कागद समजू नयेत. आणि समित्यांनी शिफारस करताना ‘अमुक चाचणी वापरावी’ असे न लिहिता कोणत्या रुग्णात, कोणत्या नमुन्यावर, किती वेळा आणि कोणत्या निर्णयासाठी वापरावी हे लिहावे.

ज्यांना पक्षपात न होता निवडलेले नमुने हवे असतील त्यांच्यासाठी एक सूचना करतो. अनेक प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षांचे बीएएल पडून आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य निगेटिव्ह आहेत. जागा कमी पडली की आधी तेच टाकून दिले जातात. ते टाकू नयेत, आणि ते मागणाऱ्यांनी फक्त पॉझिटिव्ह निवडून नेऊ नयेत. रुग्णाला त्या वेळी कोणती औषधे चालू होती, किती द्रव सोडले व किती परत आले, आणि तीन महिन्यांनी त्याचे काय झाले, या नोंदींसह पूर्ण मालिका न्यावी. नैतिक समितीची मान्यता आणि रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्याची जबाबदारी दोन्ही बाजूंनी पाळली, तर पुढच्या मूल्यमापनाचे निम्मे काम आधीच झालेले असेल.

आपला विश्वासू,
एक वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ